पोच घेतली का?

‘विचारा की!’ हे सदर सुरू होऊन सहा महिने झाले. नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते. मी वकील नाही, अधिकारी नाही, कुणा नेत्याची पुतणीही नाही. सांगलीत एका सरकारी कचेरीसमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. वय २९. तीन वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. त्याचा निकाल तुम्हाला रोज सकाळी दहाला दुकानाचं शटर उघडताना दिसेल. सातबारा, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, मयताचा दाखला, सगळं माझ्या मशीनच्या काचेवरून जातं. लोक दोन प्रती घेतात, पैसे देतात आणि पायरी उतरता उतरता मागं वळून विचारतात, “ताई, आता हे कुठं द्यायचं?” त्या मागं वळून विचारलेल्या प्रश्नांचं हे सदर.

यावेळी पत्रं बरीच आली. सगळी घेता आली नाहीत.

प्रश्न : मी पलूस तालुक्यातल्या एका गावात राहते. वय २१, बी.कॉम. झालंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गेले तर मंडपात सगळे पुरुष. एक चुलते म्हणाले, “तुझं काय काम इथं? पप्पांना पाठव.” मी परत आले. पुढच्या वेळी जाऊ का?

जा. पप्पांना पाठवू नकोस, आईला सोबत घेऊन जा.

गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. कायद्यात एवढंच आहे. चुलत्यांचं नाव यादीत आहे, तुझंही आहे. त्या मंडपापुरतं तुमचं नातं संपलं, दोघं सारखे. घरी आल्यावर पाया पड हवं तर.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला धरतात. गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तो. आता तू आठव, तुझ्या मंडपात शंभर माणसं होती का? झेंडावंदनाला असतील, जिलेबी वाटून झाल्यावर किती उरली? सभा झाली असं रजिस्टर मात्र म्हणतं. एकदा एका गावचा शिपाई हजेरीचं रजिस्टर माझ्याकडं झेरॉक्सला घेऊन आला होता. सलग बावीस सह्या एकाच वळणाच्या. मी काही बोलले नाही, पण त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, “ताई, लोक येतच न्हाईत, मी तरी काय करू?” त्याचंही अगदीच खोटं नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या त्या चुलत्यांना माहीत नसणार. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते. ती तुमच्याकडं कधी झाली, कुठं झाली, इतिवृत्तात काय लिहिलंय, हे विचार. मी पैज लावते, लिहिलेलं सापडेल. तुझ्या आईची सहीही सापडेल कदाचित.

तिथं गेल्यावर भाषण करू नकोस. पहिल्या वेळी एकच प्रश्न, आणि तो पैशाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले (२०२१ ते २०२६) ६० टक्के पैसे बंधित असतात. ते पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातून पगार भागवायचे नाहीत. तर तू एवढंच विचार, “गेल्या वर्षी बंधित निधीतून आपल्या गावात कोणतं काम झालं आणि बिल किती निघालं?” ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तुझ्या गावाचं नाव टाकून आकडे आधी बघून जा. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याने विचारलेल्या प्रश्नाला फार वजन असतं.

आणि हे तोंडी विचारून थांबू नकोस. साध्या कागदावर लिहून दोन प्रती कर, एक भाऊसाहेबांना दे (ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून भाऊसाहेबच), दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घे. ती तुझी पोच. मराठीत ‘त्याला काही पोच नाही’ म्हणतात ती पोच वेगळी, पण माझ्या दुकानात बसून मला आताशा दोन्ही एकच वाटायला लागल्यात.

एवढ्याशा ग्रामसभेतून काय होतं असं वाटत असेल तर आपल्या शेजारचं हेरवाड आठव. शिरोळ तालुका, म्हणजे आपल्याकडून हाकेच्या अंतरावर. ४ मे २०२२ रोजी त्या गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मुंबईहून गावाला कागद येतो हे आपल्याला माहीत आहे. इथं गावाचा कागद मुंबईला गेला.

प्रश्न : माहिती अधिकारात मी विचारलं, “आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला?” उत्तर आलं, “सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.” हे काय उत्तर झालं? (मिरज)

दादा, चिडू नका, पण उत्तर बरोबर आहे. माहिती अधिकारात फक्त कागद मागता येतो, कारण मागता येत नाही. ‘का’ हा शब्द अर्जात आला की तो अर्ज मेला. हे मी दुकानात रोज दहा वेळा सांगते.

पुन्हा अर्ज करा. जोडपत्र ‘अ’ (म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मागायचं काय तर त्या रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या त्या कामाच्या पानांच्या प्रती (ऑफिसात तिला एम.बी. म्हणतात, तुम्हीही म्हणा, समोरचा जरा सावरून बसतो), आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते दाखवणारं करारातलं पान. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. म्हणजे तुमच्या ‘का’चं उत्तर मिळालं नाही तरी रस्ता होतो. पानाला २ रुपये घेतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की २० रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील.

हो, आणि पोच.

प्रश्न : मी कुंडलचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७६. आमच्या भागानं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं. तुमची पिढी मांडीवर मोबाईल घेऊन रील बघत बसते. देशाचं, गावाचं काही सोयरसुतक नाही. राग मानू नका, पण उत्तर द्या.

गुरुजी, राग कशाचा. तुमचं अक्षर बघून मी ते पत्र दोनदा वाचलं. आमच्या पिढीत असं अक्षर नाही, हा आरोप आधीच मान्य.

माझ्या आजीचं माहेर तासगाव तालुक्यातलं. लहानपणी तिच्याकडून मी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सभांच्या गोष्टी ऐकल्या. शाळेत शेणोलीची आगगाडी ऐकली, ७ जून १९४३ची, प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराची रक्कम लुटली ती. पायाला पत्री ठोकायच्या त्या कथा तर प्रत्येक पारावर आहेत. पण गुरुजी, मोठी झाल्यावर मला त्या इतिहासातलं वेगळंच काहीतरी आवडायला लागलं. १९४३ ते १९४६ या काळात हे लोक गावोगाव निवाडे करत होते. बांधाचे वाद, सावकाराची देणी, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची गाऱ्हाणी. दारूचे गुत्ते बंद करत होते. कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं लावत होते. म्हणजे डोक्यावर बक्षीस, मागं पोलीस, आणि हे बसलेत कुणाच्या तरी शेताचा बांध मोजत! गाडी लुटल्याची गोष्ट सगळे सांगतात. बांधाचा निवाडा कसा केला, दोन्ही भाऊ मान्य होऊन घरी कसे गेले, ती कुणी सांगत नाही. मला ती ऐकायची आहे. माझ्या दुकानात रोज बांधाची भांडणं येतात, आणि ८० वर्षांनंतरही त्यांची तारीख पे तारीख चालूच आहे.

आता रीलचं. मीही बघते, खोटं कशाला बोलू. रात्री साडेअकराला ‘एकच’ म्हणून सुरू करते. तुमच्यापासून फार लांब नाही, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरून भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. गावानं ठरवून केलं. मला त्यातला एक भाग फार पटला: पोरांबरोबर मोठ्यांनीही बंद करायचा. कारण गुरुजी, एक सांगू का? माझ्या मोबाईलवर सकाळी सहाला येणारे ‘देश धोक्यात’वाले मेसेज माझ्या पिढीकडून येत नाहीत. ते मामा, काका, आत्याचे यजमान आणि वडिलांचे मॉर्निंग वॉकचे मित्र पाठवतात.

आमच्या बाजूनं एकच साक्ष देते. २०१९च्या महापुरात आम्ही नातेवाइकांच्या गच्चीवर चार दिवस होतो. तेव्हा आटपाडी आणि जतकडची पोरं भाकरी-चटणीचे टेम्पो भरून आली होती. ज्यांच्या घरी प्यायच्या पाण्याचा टँकर येतो, ती पोरं आम्हाला पुरातून काढायला. कंबरेइतक्या पाण्यात उभं राहून एक जण मला म्हणाला, “ताई, एवढं पाणी आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय.” त्याला हसू येत होतं आणि मलाही आलं.

पण उलटी साक्षही देते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी वकिली करते. त्याच वयाची पोरं निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस धाब्यावर कुणाच्या खर्चानं जेवतात हे मलाही माहीत आहे, तुम्हालाही. पुरात आलेला माणूस आणि धाब्यावर बसलेला माणूस एकच असू शकतो. याचं उत्तर माझ्याकडं नाही.

पेन्शनच्या कामानं सांगलीला आलात तर दुकानात या. चहा आणि भडंग माझ्याकडून.

प्रश्न : ऊस जाऊन दोन महिने झाले, बिल नाही. वडील म्हणतात गप्प बस, पुढच्या वर्षी तोड मिळणार नाही. कायदा काय म्हणतो? (वाळवा तालुका)

कायदा म्हणतो १४ दिवस. ऊस नियंत्रण आदेश, १९६६. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे (म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं) पैसे द्यायचे, उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. २०२५-२६च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनामागं ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणून हातात येणारा आकडा तुमच्या कारखान्यानुसार वेगळा. थकवलं तर साखर आयुक्तांकडं तक्रार करता येते. ते आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली, साखर जप्त करून सुद्धा.

हे झालं कायद्याचं. तुमचे वडील जे म्हणतात तेही तितकंच खरं आहे. त्यांना भित्रे म्हणू नका. उभा ऊस वाळताना ज्यानं बघितलाय त्याला १५ टक्के व्याजाचा हिशोब सांगण्यात अर्थ नाही. कलम दाखवून एकटा माणूस कारखान्याच्या गेटवर जातो आणि तोडीच्या यादीत शेवटी जातो, हे मी एका ओळखीच्या घरात पाहिलंय. म्हणून एकट्याच्या नावानं अर्ज नको. तुमच्या गटातली ज्यांची बिलं थकलीत ती पंधरा-वीस माणसं गोळा करा, सगळ्यांच्या वजनाच्या पावत्या एकत्र करा, एकच अर्ज, सगळ्यांच्या सह्या. सगळ्यांचाच ऊस शेवटी ढकलायचा म्हटलं तर त्यांना गाळायला काय राहील? व्याज मात्र अर्जात स्वतंत्र ओळीत मागा. मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही, आणि मागणारे फार थोडे.

सह्यांची पानं झेरॉक्स करताना वडिलांची सही पहिली नको. मधे कुठंतरी असू द्या.

प्रश्न : आम्ही नदीकाठच्या एका प्लॉटवर राहतो. २०१९ला पाणी, २०२१ला पाणी. दर जुलैत सामान माळ्यावर. कुणी म्हणतं अलमट्टी, कुणी म्हणतं कोयना. मी २४ वर्षांचा आहे, घर सोडावं की राहावं? आणि राग कुणावर काढायचा? (सांगली)

सांगलीचा माणूस जुलैत फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नाही, ‘आयर्विनला किती?’ म्हणतो. बाहेरच्या वाचकांसाठी: आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९चा पूल. तिथं ४० फुटाला इशारा आणि ४५ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, मगरमच्छ कॉलनी, ही नावं पाण्याच्या आकड्याबरोबर क्रमानं टीव्हीवर येतात, आणि ज्यांची घरं तिथं आहेत त्यांना तो क्रम पाढ्यासारखा पाठ असतो. (मगरमच्छ कॉलनी हे नाव मी बनवलेलं नाही.)

राग कुणावर, याचं एका ओळीत उत्तर देणारा माणूस एक तर उमेदवार असतो किंवा होणार असतो. अलमट्टीचा प्रश्न खरा आहे. कृष्णेवरचं ते धरण आज ५१९.६० मीटरपर्यंत भरतात. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१०मध्ये ५२४.२५६ मीटरला परवानगी दिली, आपल्याकडून त्याला विरोध चालू आहे, आणि तो व्हायलाच हवा. कोयना धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते ऑगस्टच्या सुरुवातीलाच काठोकाठ भरलेलं असेल आणि वर पाऊस थांबत नसेल तर सोडण्यावाचून गत नसते. पण २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२०मध्ये अहवाल दिला, त्यात अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातली आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणंही मांडली आहेत. ही तिसरी गोष्ट सभेत कुणी बोलत नाही, कारण अलमट्टी कर्नाटकात आहे आणि अतिक्रमण आपल्या वॉर्डात.

म्हणून तू रागाच्या आधी एक कागद मिळव. पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रित. तुझा प्लॉट नकाशावर कुठं येतो ते गट नंबर घालून महापालिकेला लेखी विचार. निळ्याच्या आत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आई-वडिलांच्या हयातीत घर सोडणं नाही जमलं तरी तू त्या घरावर दुसरा मजला चढवायला कर्ज काढू नकोस. ते पैसे उंचावरच्या दोन खोल्यांत घाल. लाल आणि निळ्याच्या मध्ये असेल तर राहा, पण मीटर, फ्रिज, कागदपत्रं ५७ फुटांचा हिशोब करून वर ने.

आता कागदाचं एवढं का, ते सांगते. आमचंही दुकान तेव्हा बुडालं. छातीइतकं पाणी, दोन मशीन, कागदाचे गठ्ठे, लॅमिनेशनचं यंत्र. पाणी उतरल्यावर चिखल काढताना ए-फोरचे रिम पावासारखे फुगलेले होते. पंचनामे सुरू झाले. वडील एका साहेबांना भेटले, दुकान दाखवलं, साहेब ‘हो हो, झालं’ म्हणाले. वडिलांनी नमस्कार केला आणि परत आले. यादी लागली त्यात आमचं दुकान नव्हतं. पुन्हा गेलो तर साहेब बदललेले. नवीन साहेबांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही अर्ज दिला होता का? पोच आहे?” रोज शंभर माणसांच्या अर्जाच्या प्रती काढून देणाऱ्या माणसानं स्वतः अर्ज दिला नव्हता. वडील म्हणाले, “माणूस चांगला होता, विसरला असंल.” आजही तसंच म्हणतात. मदत काही मिळाली नाही. दुकानात मशीनच्या वर मी खडूनं पाण्याची पातळी मारून ठेवली आहे. गिऱ्हाइकाला वाटतं ती रंगाची चूक आहे.

प्रश्न : वय ३०. चार वर्षं एमपीएससी. दोनदा पूर्व पास, मुख्य एकदाही नाही. घरचे बोलत नाहीत पण जेवताना कळतं. सोडू का? (विटा)

‘जेवताना कळतं’ हे तू लिहिलंस आणि मला नवी पेठेतली माझी कॉट आठवली. महिन्याचे पैसे वडिलांकडून यायचे त्या दिवशी मी मेसमध्ये कमी जेवायचे, असं कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

१४ मार्च २०२१ची पूर्व परीक्षा आयोगानं पुढं ढकलली तेव्हा पुण्यात रस्त्यावर उतरलेल्या पोरांत मीही होते. तीन दिवसांवर परीक्षा आणि पुढं ढकलल्याचा कागद. मग आठवड्यानं, २१ मार्चला घेतली. पण तो कागद आला त्या रात्री हजारो पोरं रस्त्यावर, आणि माझ्या शेजारी उभ्या मुलीच्या हातात चालू घडामोडींचं पुस्तक, बोट घालून धरलेलं. पान चुकू नये म्हणून. मला ते बोट कधी विसरता आलेलं नाही.

सल्ला विचारलास म्हणून देते. खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे, आणि तीच घात करते. दार उघडं दिसतं म्हणून माणूस उभा राहतो. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तुझी चार वर्षं पर्यायांना गोल करण्यात गेली असतील तर हा जवळजवळ नवा अभ्यास आहे. म्हणून अजून एकदाच बस, तेही कमवत कमवत. अर्धा दिवस काम, मग ते बेदाण्याच्या शेडवर हिशोब लिहिण्याचं का असेना. आणि हे मनात ठरवू नकोस. वहीवर लिही, ‘हा शेवटचा’, तारीख घाल, वडिलांची सही घे. ते हसतील. सही करतील.

अभ्यास वाया जात नाही असं सगळे सांगतात, मी सांगणार नाही. थोडा जातोच. माझा प्राचीन भारत पूर्ण वाया गेला. पंचायत राज तेवढं कामाला आलं.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो, घर कवठेमहांकाळला. मतदान कुठं करू?

जिथं नेहमी राहतोस तिथं. शिकायला बाहेर असलास तर गाव किंवा शिकण्याचं ठिकाण, यांपैकी एक निवडता येतं. दोन्हीकडं नाव हा गुन्हा. नवीन नावाला अर्ज ६, पत्ता बदलायला अर्ज ८. आता १ जानेवारीची वाट बघायला नको. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. माझं मत विचारशील तर गावाला ठेव. पुण्यात तुझा घरमालक बदलेल, म्हैसाळ योजनेचं पाणी तुमच्या शेतात येणार की नाही हा प्रश्न बदलणार नाही.

प्रश्न : तुम्हाला एवढं कळतं तर स्वतः निवडणूक का लढवत नाही?

पैसे नाहीत. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं असेल. नगरसेवक व्हायला २१ वर्षं पूर्ण लागतात, तेवढी कधीच झाली.

प्रश्न : मी दोन महिन्यांपूर्वी प्रश्न पाठवला होता. आमच्या कॉलनीत बागेसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर पत्र्याचं शेड आलंय, ते कुणाच्या परवानगीनं? तुम्ही उत्तरही दिलं नाही आणि पत्र मिळाल्याचं कळवलंही नाही. दुसऱ्यांना मात्र पोच घ्यायला सांगता. (कुपवाड)

काका, चुकलं. पत्र मिळालं होतं. दुकानातल्या वहीत त्याची नोंद आहे: आवक क्रमांक ४१. ही पोच समजा, उशिरा का होईना.

उत्तर न देण्याचं कारण असं की मी त्या जागेच्या मंजूर रेखांकनाची आणि शेडच्या परवानगीची प्रत माझ्या नावानं मागितली आहे. अर्ज दिला त्याला आज १९ दिवस झाले. ३० पूर्ण झाले की पुढच्या अंकात लिहिते. कागद आला तर कागदासह, नाही आला तर अपिलाच्या पोचेसह.